शाफ्ट आणि ब्रॅकेटचं ड्रॉइंग वर्कशॉपला नीट कळेल असं कसं काढायचं? एकदा चुकलंय, परत चुकायचं नाही

सत्तरीचा_बोंडूवाला

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या वाळपईच्या बाजूचा. घरची काजूबाग आहे, सीझनला आम्ही भाटी (फेणी गाळायची भट्टी) लावतो. आजोबांच्या वेळेला बोंडू (काजूचं फळ) पायाने मळायचे, आता दोन रोलरचं क्रशर आहे, मोटर आणि चेनवर चालतं. यंदा मे महिन्यात सीझन संपता संपता एका रोलरचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजला आणि बेअरिंग ज्यात बसतं ते ब्रॅकेट पण एका बाजूने तडकलं. मशीन ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी ते मॉडेल बंद केलंय, पार्ट मिळत नाहीत. म्हणून ठरवलं की त्या रोलरसाठी दोन शाफ्ट (एक जादा) आणि दोन ब्रॅकेट नवीनच करून घ्यायची.

मापं मी स्वतः जुन्या शाफ्टवरून व्हर्नियरने घेतली. आतेभाऊ डिप्लोमाला आहे, त्याने कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढून दिलं, मी त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर एका वर्कशॉपला पाठवला. तीन आठवड्यांनी माल आला, फिनिशिंग एकदम चकाचक, पण बेअरिंग शाफ्टवर घातलं तर हाताने फिरतंय, म्हणजे आतली रिंग शाफ्टवर गरागरा फिरते. ब्रॅकेटला ग्रीस निपलसाठी (ग्रीस भरायची छोटी तोटी) जो कान आहे तो डाव्या बाजूला पाहिजे होता तो उजव्या बाजूला आला, दोन्ही ब्रॅकेटं आरशात बघितल्यासारखी उलटी. आणि निपल लावायला गेलो तर दोन फेरे जातो आणि अडकतो.

वर्कशॉपवाले म्हणाले आम्ही ड्रॉइंगप्रमाणेच केलंय. मी घरी येऊन ड्रॉइंग समोर ठेवून बघितलं आणि त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. त्यात शाफ्टला २४.८८ लिहिलंय आणि त्यांनी २४.८८ च करून दिलाय. निपलला मी नुसतं "१० मिमी आटे" लिहिलं होतं.

आता विचारायचं आहे ते हे, की ड्रॉइंगमध्ये नक्की काय काय लिहावं लागतं म्हणजे समोरच्याला अंदाज बांधावा लागणार नाही? हाताने काढलेलं चालतं का कॅडच (कॉम्प्युटरवरचं) पाहिजे? मटेरियल काय सांगू, आधीचं साधं लोखंड होतं. मार्चच्या आत मशीन उभं राहायला पाहिजे, बोंडू कोणासाठी थांबत नाही. बाबांनी आयुष्यभर सुतात मापं सांगून कामं करून घेतली, ते म्हणतात वर्कशॉपमध्ये जाऊन समोर बसून करून घे, पण रोज वाळपईहून जाणं मला जमणारं नाही, म्हणून कागद पक्का पाहिजे.

कुंडईचा_टर्नर

बाब, तुझी पोस्ट दोनदा वाचली कारण असे जॉब माझ्याकडे महिन्याला चार तरी येतात. बावीस वर्षं लेथवर आहे, तुला सरळ सांगतो चूक कुठे झाली ती.

तू झिजलेल्या जागेचं माप घेतलंस. हे म्हणजे आजारी माणसाच्या मापाने कपडे शिवल्यासारखं झालं, तो बरा झाला की त्याला बसणार कसे? जुना शाफ्ट नवा होता तेव्हा काय होता ते तो आता सांगू शकत नाही. सांगणार कोण, तर त्याच्यावर बसणारी वस्तू. तुझ्या बेअरिंगवर नंबर असेल बघ, रिंगवर कोरलेला, ६२०४ किंवा ६२०५ असं काहीतरी. ६२०५ असेल तर आतलं भोक २५, बाहेरून ५२, रुंदी १५, हे जगात कुठेही तेच. म्हणजे शाफ्ट २५ चा, पण नुसतं २५ लिहून पण भागत नाही. नुसतं २५ वाचलं की मी म्हणणार साधं माप आहे, दोन दशांश इकडे तिकडे चालेल, आणि २४.९ केला तरी माझ्या हिशोबाने जॉब पास. बेअरिंगला तो पास नाही. तिथे तुला २५ के६ पाहिजे, के६ हा फिटिंगचा ठरलेला कोड, म्हणजे २५.००२ पासून २५.०१५ पर्यंत. बेअरिंगचं आतलं भोक २५ किंवा त्याहून दहा मायक्रॉनपर्यंत (०.०१ मिमी) कमी असतं, त्यामुळे ते हलक्या ठोक्याने टाइट बसतं आणि आतली रिंग शाफ्टबरोबर फिरते. कागदावर के६ पण लिही आणि दोन आकडे पण लिही. सगळ्या टर्नरना चार्ट तोंडपाठ नसतो, माझ्या शेजारच्या मशीनवर नवीन आलेला पोरगा आहे तो के६ बघितलं की मोबाईल काढतो, आकडे समोर असले की तो मायक्रोमीटर लावून सरळ काम करतो.

आणि हो, व्हर्नियर तिथे नको. तुझा व्हर्नियर ०.०२ चा असेल, तेरा मायक्रॉनची खिडकी त्याने दिसतच नाही. माल घेताना मायक्रोमीटरने मोजून दाखवा म्हण, कोणी वाईट वाटून घेत नाही, आम्हालाच बरं वाटतं की गिऱ्हाईकाला कळतं.

दुसरी गोष्ट, जी तू लिहिली नाहीस पण मला विचारायला आवडेल. शाफ्टवर कुठे काय बसतं? रोलर कुठे, बेअरिंग कुठे, चेनची चक्री कुठे. हे ड्रॉइंगवर बाण काढून लिही, "इथे ६२०५ बसणार", "इथे रोलर, किल्लीने" (किल्ली म्हणजे खाचेत बसणारी पट्टी), "इथे स्प्रॉकेट". त्याला काही नियम नाही म्हणतील पण त्याने माझं डोकं चालतं. मला कळलं की दोन टोकांना बेअरिंग आहे, तर मी दोन्ही जागा दोन सेंटरमध्ये (लेथच्या दोन टोकांच्या अणींमध्ये) पकडून एकाच सेटिंगमध्ये काढणार, म्हणजे त्या एका रेषेत येणार. नाही कळलं तर एक बाजू चकमध्ये करून दुसरी पलटवून करणार, आणि मग रोलर थोडा लंगडत फिरणार. शाफ्टच्या तोंडाला सेंटरचं भोक राहिलेलं चालेल का ते पण लिही, चालत असेल तर "सेंटर राहू दे" इतकं पुरे.

हाताने काढलेलं चालतं का, तर शंभर टक्के चालतं. ग्राफ पेपरवर पेन्सिलने काढलेलं, मापं स्वच्छ लिहिलेलं ड्रॉइंग मला त्या रंगीत थ्रीडी चित्रापेक्षा जास्त आवडतं. फक्त फोटो काढताना कागद सपाट ठेव, चारही कोपरे दिसू देत, आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नको पाठवू, डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि ३ चा ८ दिसतो. हे मी भोगलंय.

ड्राफ्टिंगवाली_वेर्णा

टर्नरदादांनी शाफ्टचं सगळं सांगितलंच, मी ब्रॅकेट उलटं का आलं ते सांगते कारण ते वाचून मला लगेच कळलं काय झालं असणार. तुमच्या आतेभावाने जे टेम्प्लेट उघडलं ते थर्ड अँगलचं असणार आणि वर्कशॉपने ते फर्स्ट अँगल म्हणून वाचलं.

आपल्याकडे शाळा-कॉलेजात फर्स्ट अँगल शिकवतात. त्यात वस्तू डावीकडून बघितली की जे दिसतं ते समोरच्या चित्राच्या उजवीकडे काढायचं. अमेरिकेतली पद्धत थर्ड अँगल, तिथे डावीकडून दिसणारं डावीकडेच काढतात. कॅडच्या बऱ्याच टेम्प्लेटमध्ये थर्ड अँगल आधीपासून सेट असतं आणि आपण बघतच नाही. गोल शाफ्टला काही फरक पडत नाही कारण तो सगळीकडून सारखा, म्हणून चूक लपून राहते. पण एका बाजूला कान असलेल्या ब्रॅकेटला तो कान थेट दुसऱ्या बाजूला जातो. ड्रॉइंगच्या खालच्या चौकटीत एक छोटं चिन्ह असतं, कापलेला शंकू आणि दोन गोल. शंकू डावीकडे आणि गोल उजवीकडे असले तर फर्स्ट अँगल, गोल डावीकडे आणि शंकू उजवीकडे असला तर थर्ड. ते चिन्ह काढाच, आणि शेजारी अक्षरात पण लिहा. ब्रॅकेटच्या बाबतीत मी तर अजून एक करते, कोपऱ्यात एक तिरकं चित्र काढून ठेवते, वस्तू टेबलावर ठेवल्यावर जशी दिसते तसं, माप काही नाही. कान कुठल्या बाजूला ते एका नजरेत कळतं आणि बाकीची दोन चित्रं चुकीची वाचली तरी माणूस थांबतो.

माझी पहिली नोकरी होती तेव्हा मी उलटी चूक करायचे. प्रत्येक मापाला ±०.०१ टाकायचे, मला वाटायचं की जितकं बारीक तितकं चांगलं काम होईल. आमच्या सिनिअरनी एक दिवस मला शॉप फ्लोअरवर नेलं आणि एका कव्हर प्लेटची बाहेरची लांबी ग्राइंडिंग करताना दाखवली. ती प्लेट नुसती धूळ जाऊ नये म्हणून होती! एक माणूस अर्धा दिवस तिच्यामागे होता. तेव्हापासून मी आधी ठरवते की ही वस्तू दुसऱ्या कशाला भिडते का. भिडत असेल तर तिथे टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालेल ते), नाहीतर खाली एक ओळ, "न दिलेल्या मापांना आयएसओ २७६८ मध्यम". त्या ओळीत सगळं येतं, ६ ते ३० मिमीला ±०.२, ३० ते १२० ला ±०.३, १२० ते ४०० ला ±०.५. तुमच्या शाफ्टवर मोजून तीन-चार जागा आहेत जिथे खरंच बारीक माप लागतं, बाकी सगळं त्या ओळीवर सोडा, खर्च पण वाचेल.

ब्रॅकेटच्या भोकाला ५२ एच७ लिहा, म्हणजे ५२.००० ते ५२.०३०. इंग्रजी मोठ्या अक्षरातलं एच (H) म्हणजे भोक आणि लहान अक्षरातलं के (k) किंवा एच (h) म्हणजे शाफ्ट, हे लिहिताना जपा, घाईत लहान-मोठं अक्षर चुकतं आणि अर्थच बदलतो.

ब्रॅकेट फ्रेमला किती बोल्टनी बसतं? एका ओळीत चार-पाच भोकं असतील तर मापं साखळीने देऊ नका, म्हणजे पहिल्यापासून दुसरं ४०, दुसऱ्यापासून तिसरं ४० असं. प्रत्येक ४० ला ±०.३ धरलं तर पाचव्या भोकापर्यंत चूक ±१.२ पर्यंत साठू शकते, आणि ९ च्या भोकात एम ८ चा बोल्ट असेल तर शेवटचा बोल्ट जाणारच नाही. सगळी मापं एकाच कडेपासून द्या, ४०, ८०, १२०, १६०, २००, मग पाचव्याची चूक त्याच्या स्वतःच्या ±०.५ च्या आत राहते. आणि कड कुठली घ्यायची, तर जी फ्रेमला टेकते ती. ती आधी मशीन करा असं लिहा. कागदावर सोयीची दिसणारी कड आणि मशीनवर टेकणारी कड एकच असेल असं नाही.

मालीम_जेटी

मटेरियलचं मी बोलतो. आमचं काम ट्रॉलरवर, प्रॉपेलर शाफ्ट, विंचचे शाफ्ट, गनमेटलचे बुश. खाऱ्या पाण्यात काय टिकतं ते रोज बघतो.

तुमचा बोंडूचा रस आंबट असतो आणि त्यात टॅनिन भरपूर. साधं लोखंड रसाला लागलं की रस काळपट होतो, हे तुमच्या घरात कोणाला तरी माहीत असेलच. म्हणून रोलर आणि रसाजवळचं सगळं स्टेनलेस पाहिजे. शाफ्ट रसात भिजत असेल तर तो पण. तुम्ही आत सत्तरीत आहात, समुद्रापासून लांब, तिथे ३०४ नंबरचं स्टेनलेस पुरतं. आमच्याकडे जेटीवर ३०४ चे नट-बोल्ट एका पावसात तपकिरी डाग धरतात, आम्ही ३१६ घेतो कारण त्यात मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला तोंड देतं. तुम्हाला तो खर्च नको.

पण नुसतं "एसएस" लिहू नका. एसएस लिहिलं की दुकानात जे हाताला लागेल ते येतं, आणि २०२ स्वस्त म्हणून तेच बऱ्याचदा येतं. लोक चुंबक लावून बघतात आणि चिकटलं नाही म्हणजे ३०४ असं म्हणतात, ते चूक आहे, २०२ पण चिकटत नाही. मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, बारवरचा हीट नंबर (कुठल्या वितळणीचा माल तो नंबर) आणि कागदावरचा नंबर जुळतो का बघा. ड्रॉइंगवर लिहा "एसएस ३०४, सर्टिफिकेटसह". इतकं लिहिलं की समोरचा पण सावध होतो.

आणखी एक, स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला की जाम होतो, मग कापूनच काढावा लागतो. लावताना अँटी-सीझ पेस्ट लावा. हे ड्रॉइंगमध्ये येत नाही पण तुमच्या कामाला येईल.

निपलच्या आट्यांचं, तुमच्या जुन्या ब्रॅकेटमध्ये एक अष्टमांश बीएसपी (ब्रिटिश पाइप आटे) असण्याची शक्यता मला जास्त वाटते. त्याचा बाहेरचा डाया (व्यास) ९.७२८ येतो, व्हर्नियरने घाईत १० वाटतो. आणि ग्रीस निपल एम १० बाय १ चे पण मिळतात. दोन्हीची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) जवळजवळ सारखी, बीएसपीला इंचाला २८ आटे आणि दुसऱ्याची पिच १ मिमी म्हणजे इंचाला साधारण २५.४, त्यामुळे दोन फेरे जातं आणि मग अडकतं. तुम्ही लिहिलंय तसंच. पिच गेज लावून बघा, किंवा सगळ्यात सोपं, आधी बाजारातून निपल विकत घ्या आणि तोच वर्कशॉपला द्या.

सत्तरीचा_बोंडूवाला

देव बरें करूं सगळ्यांना. इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. चार दिवस रात्री बसून मी स्वतः हाताने काढलं, आतेभावाला नुसतं बघायला दिलं. शाफ्टचं इथे शब्दात लिहितो, कोणाला चूक दिसली तर सांगा, आता लोखंड कापायच्या आधी काहीही ऐकायची तयारी आहे.

मटेरियल एसएस ३०४, सर्टिफिकेटसह, नग दोन. एकूण लांबी ४१०. मधे रोलरची जागा डाया ३२ एच७ (लहान एच, ० ते वजा ०.०२५), तिथे १० बाय ८ ची किल्ली, शाफ्टमधली खोली ५. दोन्ही बाजूंना बेअरिंगसाठी डाया २५ के६, आकडे पण लिहिलेत. बेअरिंगच्या बाहेर सर्कलिपची (बेअरिंग सरकू नये म्हणून अडकवायची रिंग) खोबण, डाया २३.९, रुंदी १.२. एका टोकाला स्प्रॉकेटसाठी डाया २० एच७ (हा पण लहान), ० ते वजा ०.०२१, किल्ली ६ बाय ६, खोली ३.५. ३२ वरून २५ ला उतरतो तिथे कोपऱ्याला आर २ (२ मिमीची गोलाई) दिलाय म्हणजे शाफ्ट तिथे तुटणार नाही. बेअरिंगच्या दोन जागा एकमेकांशी ०.०२ च्या आत रनआउट (फिरताना होणारी डगमग). सगळ्या धारा ०.५ ने मोडा. सगळी लांबीची मापं रोलरच्या डाव्या खांद्यापासून (शाफ्टची पायरी) दिलीत, कारण रोलर तिथे टेकतो. सेंटर राहू दे असं लिहिलंय. बाण काढून कुठे काय बसतं ते पण लिहिलंय आणि खाली फोन नंबर.

ब्रॅकेट वेगळ्या कागदावर, फर्स्ट अँगल, चिन्ह काढलंय, कोपऱ्यात तिरकं चित्र. निपल काल म्हापशातून आणला, एक अष्टमांश बीएसपीच होता, मालीमवाल्या दादांचं बरोबर.

कुंडईचा_टर्नर

बाब, मन लावून काढलंयस. तरी दोन जागा थांबवतो.

सर्कलिप २५ च्या शाफ्टची १.२ जाड असते. खोबण पण १.२ ठेवलीस तर ती आत जाताना त्रास देणार, खोबण १.३ पाहिजे. डाया २३.९ बरोबर आहे. आणि खांद्यापासून खोबणीच्या आतल्या कडेपर्यंत किती ठेवलंय ते परत बघ. बेअरिंग १५ रुंद आहे, त्याला १५ च ठेवलं आणि माझ्याकडून एक दशांश कमी झालं तर सर्कलिपला जागाच उरणार नाही. तिथे १५ ला अधिक ०.१, वजा ० असं लिही. थोडीशी ढील चालते.

दुसरं, कोपऱ्याचा आर २. तुझा विचार बरोबर आहे, आतला कोपरा टोकदार ठेवला की शाफ्ट तिथूनच तुटतो. पण ६२०५ च्या आतल्या कोपऱ्याची गोलाई कमीत कमी १ मिमी असते. शाफ्टची गोलाई त्याहून मोठी झाली की बेअरिंग गोलाईवर चढून बसणार, खांद्याला टेकणारच नाही. तुला बाहेरून वाटणार बसलंय, ठोकून ठोकून अजून बसवशील, आणि पंधरा दिवसात बेअरिंग गरम होणार. असाच एक शाफ्ट माझ्याकडे परत आला होता, बेअरिंग काढून खांद्यावर निळा मार्किंगचा रंग लावून परत बसवलं, बाहेर काढलं तर खांद्यावरचा रंग जसाच्या तसा, जराही पुसलेला नाही. सगळा रंग त्या गोलाईवरून निघाला होता. म्हणून तिथे आर ०.८, जास्तीत जास्त १, असं लिही. जास्तीत जास्त हे शब्द पाहिजेतच.

बेअरिंग ठोकताना आतल्या रिंगवर पाइपचा तुकडा ठेवून ठोक, बाहेरच्या रिंगवर नाही. बाहेरच्या रिंगवर मारलं की मार गोळ्यांमधून जातो आणि रिंगमधल्या गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात, नवीन बेअरिंग पहिल्या दिवशीच आवाज करतं.

ड्राफ्टिंगवाली_वेर्णा

दादांनी पकडलेलं आर २ मला पहिल्या वाचनात दिसलं नव्हतं, ३२ च्या खांद्याची उंची बघत बसले होते. ती बरोबर आहे बरं का, ६२०५ ला खांदा साधारण ३०.६ च्या वर लागतो, म्हणजे ३२ चांगला.

एकच सांगते. ड्रॉइंग दुरुस्त केलंत की कोपऱ्यात "रिव्हिजन १" आणि तारीख घाला, आणि वर्कशॉपला सांगा की आधीचा कागद फाडून टाका. तुम्ही आधी त्यांना फोटो पाठवलेला आहे, तो त्यांच्या फोनमध्ये अजून असणार. आमच्याकडे एका जॉबला टेबलावर दोन प्रिंट पडल्या होत्या, एक जुनी एक नवी, दोन्हीवर काही नंबर नव्हता, आणि जुनीच हातात आली. त्या दिवसापासून मी नंबर नसलेला कागद टेबलावर दिसला तर उचलून घेऊन जाते.

मालीम_जेटी

ब्रॅकेट पण ३०४ चंच करताय का? रसाचा शिंतोडा उडत नसेल तर तिथे साधं एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंड) घेऊन इपॉक्सी रंग मारलात तरी चालेल, मशीनिंग स्वस्त पडेल. स्टेनलेस कापताना टूल लवकर जातं. फक्त ५२ च्या भोकात रंग लागू देऊ नका, ते ड्रॉइंगवर लिहा, "बोअरमध्ये आणि टेकणाऱ्या फेसवर रंग नको". आमच्या एका विंचला रंगाच्या थरामुळे बेअरिंग बसलं नव्हतं, खरवडून काढावा लागला.

आणि पावसात माल घेऊन जाणार असाल तर ५२ च्या बोअरला तेल लावून कागदात गुंडाळून मागा. आपल्या हवेत एमएसच्या मशीन केलेल्या फेसवर दोन रात्रीत गंज धरतो.

सत्तरीचा_बोंडूवाला

मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला. चवथीच्या गडबडीत वर्कशॉपपण बंद होतं आणि मी पण घरीच अडकलो होतो.

रिव्हिजन १ करून त्याच वर्कशॉपला दिलं. आधी वाटलं दुसरीकडे जावं, पण बाबा म्हणाले त्यांची चूक नव्हती तर जागा कशाला बदलायची. मी स्वतः एकदा गेलो, बरोबर नवीन ६२०५, निपल, स्प्रॉकेट आणि जुना तडकलेला ब्रॅकेट घेऊन. सगळं त्यांच्या टेबलावर ठेवलं. तिथल्या टर्नरने बेअरिंग हातात घेऊन फिरवून बघितलं आणि ड्रॉइंगवर ते जिथे लिहिलं होतं तिथे ठेवलं, मग म्हणाला आता कळलं हे मशीन काय करतं.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. मी स्प्रॉकेटच्या बाजूची लांबी ४५ लिहिली होती पण त्यांनी स्प्रॉकेटचा हब मोजला तर तो ४८ होता, म्हणजे हब शाफ्टच्या टोकाबाहेर ३ मिमी आला असता. कापायच्या आधी विचारलं. गेल्या वेळी त्यांना माहीतच नव्हतं की तिथे स्प्रॉकेट बसतो, तर विचारणार काय? एकूण लांबी ४१३ केली, रिव्हिजन २ लिहून कागद नवीन पाठवला, जुना त्यांनी माझ्या समोर व्हिडिओ कॉलवर फाडला.

काल माल घेऊन आलो. बेअरिंगच्या दोन्ही जागा त्यांनी मायक्रोमीटरने दाखवल्या, एक २५.००८ आणि एक २५.०१०. घरी पाइपचा तुकडा आतल्या रिंगवर ठेवून बेअरिंग बसवलं, शेवटच्या दोन मिमीला आवाज बदलला, बद्द असा, तेव्हा कळलं खांद्याला टेकलं. सर्कलिप टिचकीसरशी खोबणीत गेली. ब्रॅकेटचा कान डावीकडे आहे. ब्रॅकेटं एमएसचीच केली, बोअर तेल लावून गुंडाळून दिली.

आता दुसऱ्या रोलरचं काम काढतोय, त्याचा शाफ्ट अजून चालतोय पण ड्रॉइंग आत्ताच काढून ठेवतो. टर्नरकाका, त्या बाजूला बेअरिंगवर नंबर पूर्ण पुसला गेलाय, बाहेरून ६२ मोजलं, रुंदी १६. हे ६२०६ च ना?

कुंडईचा_टर्नर

हो, ६२०६. आतून ३० मोज, जुळलं की झालं. ३० ला के६ पण तेच आकडे, अधिक ०.००२ ते अधिक ०.०१५. पण खांदा आता ३२ चा चालणार नाही बाब, तो मोठा लागेल, रोलरच्या भोकाचं माप आधी घे आणि मग इथे लिही.